मागून उंच, पुढून वाकलेली : कडक स्प्रिंगांचं नक्की काम काय?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या कंपूत (मूळ गाव जालना जिल्हा, पोट मात्र हिंजवडीत) एक प्रश्न हमखास निघतो. "मागच्या स्प्रिंगा कडक टाकून गाडी दीड-दोन इंच उचलून घेऊ का रे?" गाडी म्हणजे अर्थात फोर बाय फोर. कुणाची थार, कुणाची जिम्नी, कुणाची घरच्यांकडून वारशाने आलेली स्कॉर्पिओ. कारण विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. "अरे, शेतात जायला. काळ्या मातीत गाडी रुतते ना!"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हापिसच्या कामात डोकं घालायचंय ते इथूनच परत जाऊ शकतील. कडक स्प्रिंग हे वजनाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चिखलाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न चिखलाचा असतो, किंवा खरं सांगायचं तर फोटोचा असतो. फोटोसाठी केलं तरी माझी तक्रार नाही, पैसे तुमचे आहेत. पण मग तसं म्हणा. शेताचं नाव पुढे करू नका.

आता जरा सविस्तर.

हे खूळ आलं कुठून?

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला काळी-पिवळी माहीत नाही असं होणार नाही. कमांडर नाहीतर मॅक्स, आत किती माणसं बसली हे मोजायची पद्धत नव्हती, मागे पायरीवर लटकलेले वेगळे. त्या सगळ्या गाड्यांना मागे पाट्यांची कमान असायची. महिंद्राने १९४७ साली विलीजच्या जीपा इथे जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं आपल्याकडे जीप म्हणजे पाटे हे समीकरण पक्कं होतं. मारुतीची जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली, तिलाही चारी बाजूंना पाटेच. २०१० मध्ये पहिली थार आली, तिच्याही मागे पाटेच.

काळी-पिवळीवाला मिस्तरीकडे जाऊन म्हणायचा, "मागं एक पाटा वाढव." आणि ते अगदी बरोबर होतं. कारण त्याच्या गाडीत वजन रोज होतं, सकाळी पहिल्या फेरीपासून रात्री शेवटच्या फेरीपर्यंत. गाडी रिकामी धावली तर त्याचं दिवाळं निघायचं. म्हणजे त्याच्या दृष्टीने 'भरलेली गाडी' हीच नेहमीची गाडी होती आणि पाटा त्या गाडीसाठी वाढवला जायचा.

मधल्या काळात गाड्या बदलल्या. १९९८ च्या टाटा सफारीला मागे कॉईल स्प्रिंग आली, २००२ च्या स्कॉर्पिओला आली, २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या थारलाही आली. २०२३ च्या पाच दारी जिम्नीला तर पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉईल. गाडी बदलली, वापर तर पारच बदलला. आता त्यात एकटा इंजिनीअर आणि त्याची लॅपटॉपची बॅग असते. पण डोक्यातला सल्ला तोच राहिला, "मागं एक पाटा वाढव". फक्त पाट्याच्या जागी कॉईल आली. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे : जुन्या सिस्टीमची कॉन्फिगरेशन फाईल तशीच उचलून नव्या सर्व्हरवर टाकायची, आणि मग सर्व्हर असा का वागतो म्हणून डोकं धरायचं.

थोडं गणित (घाबरू नका, बारावीचंच आहे)

रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून सांगितलेली गोष्ट अजूनही तशीच लागू आहे. स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा उलटा जोर. एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो तो तिचा कडकपणा.

समजा मागच्या एका चाकावर स्प्रिंगला ४०० किलोचा भार येतो आणि स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ४० न्यूटन आहे. (आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, कुठल्याही एका गाडीचे नाहीत.) तर ती स्प्रिंग साधारण ९८ मिमी दबून स्थिर होते. आता तेवढ्याच मोकळ्या लांबीची, पण पंचवीस टक्के कडक, म्हणजे ५० न्यूटनची स्प्रिंग टाकली. ती ७८ मिमी दबेल. फरक २० मिमी. म्हणजे गाडी मागून पाऊण इंच वर आली. हीच ती 'लिफ्ट'. जादू काही नाही, स्प्रिंग कमी दबली एवढंच.

आता पुढची गंमत बघा. त्याच चाकावर आणखी १०० किलो वजन ठेवा, म्हणजे मागे दोन्ही मिळून २०० किलो. मोसंबीचं भरलेलं एक कॅरेट वीस किलोच्या आसपास धरलं तर दहा कॅरेटं. ५० न्यूटनची स्प्रिंग ५०० किलोखाली किती दबेल? बरोबर ९८ मिमी. म्हणजे कडक स्प्रिंगवरची भरलेली गाडी तंतोतंत त्याच उंचीवर उभी राहते, जिथे कंपनीच्या स्प्रिंगवरची रिकामी गाडी उभी असते. गाडीची वर-खाली डोलायची लयही तीच राहते, सेकंदाला साधारण १.६ वेळा.

याचा अर्थ इतका सरळ आहे की पुन्हा लिहितो. पंचवीस टक्के कडक स्प्रिंग ही पंचवीस टक्के जड गाडीची स्प्रिंग आहे. जड गाडीखाली ती छान वागते. हलक्या गाडीखाली टाकली तर गाडी वर येते खरी, पण लय १.६ वरून जवळपास १.८ वर जाते, आणि हे तुमच्या मेंदूला नाही तरी मागे बसलेल्या आईच्या कमरेला लगेच कळतं. बदनापूरपासून गावापर्यंतचे गतिरोधक मोजायचे असतील तर ही उत्तम सोय आहे.

बरं, उंचीच हवी असेल तर कडकपणा वाढवायची गरजच नाही. तेवढ्याच कडकपणाची पण मोकळी लांबी २० मिमीने जास्त असलेली स्प्रिंग मिळाली तर गाडी तेवढीच वर येते आणि चाल फारशी बिघडत नाही. 'कडक' आणि 'उंच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा पुरावा हवा असेल तर कुणी स्प्रिंगचं एक वेटोळं कापून गाडी खाली बसवतो त्याच्याकडे बघा. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते, पण गाडी मात्र खाली येते! म्हणजे कडक आणि तरी बुटकी. गॅरेजात मात्र हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तारेच्या जाडीबद्दलही एक सांगून ठेवतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. त्यामुळे "थोडीशीच जाड आहे साहेब" या वाक्यावर विश्वास ठेवायच्या आधी व्हर्नियर कॅलिपर मागा.

वेटोळ्यांमध्ये बसवायचे ते रबरी बफर पण याच कुळातले. ते बसवले की एक-दोन वेटोळी जखडली जातात, कामाची वेटोळी कमी होतात, स्प्रिंग कडक होते आणि सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो. स्वस्त असतं, लगेच निघतं, म्हणून लोकप्रिय आहे. पॅच आहे तो. पॅच वाईट नसतो, पण त्याला रिलीज म्हणू नये.

चाकोरीतला उंचवटा

आता मूळ मुद्दा. काळ्या मातीत गाडी अडकते ती का अडकते?

जालना जिल्ह्यातली काळी कसदार जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या मातीतली चिकणमातीच तशी आहे. पाऊस पडल्यावर तिच्यावरून टायर गेलं की ती टायरच्या खाचांत भरते, आणि दोन-चार फेऱ्यांत तुमचं महागडं टायर गुळगुळीत पाटीसारखं होतं. मग चारी चाकांना ताकद दिली काय नि दोनला दिली काय, चारी गोल फिरतात. (जानेवारी २०२३ पासून थार दोन चाकी ओढीची पण मिळते. तिच्यावर लिफ्ट करून "शेतासाठी" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. असो.)

शिवाय पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरने आधीच चाकोऱ्या पाडलेल्या असतात. तुमची चाकं त्या चाकोरीत उतरतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. पोटातलं सगळ्यात खालचं काय? मागच्या अखंड अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. आणि इथेच सगळ्या लिफ्टचं पितळ उघडं पडतं. तो गोळा स्प्रिंगच्या वर नसतो, स्प्रिंगच्या खाली असतो. अ‍ॅक्सल चाकांना जोडलेला आहे, बॉडीला नाही. स्प्रिंग दोन इंच उंच टाका नाहीतर दोन फूट, गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. एक मिलिमीटरही वर येत नाही.

तो वर आणायचा एकच मार्ग, मोठा टायर. त्यातही व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्मी उंची मिळते. २०२० च्या थारला कंपनीनेच २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापं दिली. गणित केलं तर व्यासात सुमारे १५ मिमीचा फरक येतो, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम ७ मिमी.

मग लिफ्टने काहीच मिळत नाही का? मिळतं. बॉडी वर आल्यामुळे बांध चढताना मागचा बंपर घासत नाही, आणि उंचवट्यावर गाडी मधोमध टेकायची शक्यता कमी होते. ओढ्याच्या काठावरून तिरकं वर निघताना हा फायदा खरा आहे. पण मूळच्या थारचाच मागचा सुटका-कोन ३६ अंशांच्या वर आहे आणि जमिनीपासूनची अंतर-उंची कंपनीच्या सांगण्यानुसार २२६ मिमी. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडच्या सपाट शिवारात यापेक्षा जास्त कोन लागेल असा बांध रोज कुठे भेटतो? सह्याद्रीत राहणाऱ्यांनी हा मुद्दा वेगळा मांडला तर मी ऐकून घेईन.

पाण्याचंही तसंच. मागून गाडी उचलली म्हणून पाण्यात जास्त खोल घालता येत नाही, कारण इंजिनची हवा पुढून आत जाते आणि ते तोंड होतं तिथेच असतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्यानंतर तरी वाहत्या पुलावरून गाडी घालायची खुमखुमी कुणाला राहू नये. वाहतं पाणी स्प्रिंग बघत नाही.

कडक स्प्रिंगचा चिखलात एक उलटा तोटा पण आहे. फोर बाय फोर पुढे जाते ती चारी चाकं जमिनीला टेकलेली असली तरच. एक चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंगने त्याला खाली ढकलून जमिनीवर दाबून धरायला हवं, आणि दुसरं चाक उंचवट्यावर चढलं की सहज दबायला हवं. कडक स्प्रिंग सहज दबत नाही. वर बॉडी आधीच उचललेली, त्यामुळे शॉकअपची खाली जायची वाट त्या प्रमाणात कमी झालेली. परिणाम काय, तर एक चाक हवेत.

जगात ऑफरोड गाडीला कॉईल स्प्रिंग प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९७० च्या रेंज रोव्हरने, आणि तिने कॉईल वापरल्या त्या नरम आणि लांब चालीच्या होत्या म्हणून. आता नरम स्प्रिंग वजनाने बसणार हे त्या इंजिनीअरांना कळत होतंच. त्यांनी काय केलं? स्प्रिंग कडक केली नाही. मागच्या अ‍ॅक्सलवर मधोमध एक आपोआप उंची सावरणारा दांडा बसवला, जो वजन आल्यावरच मदतीला येतो. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांनी चाल आणि वजन हे दोन प्रश्न वेगळे ओळखून वेगळे सोडवले होते. आपण अजून दोन्ही प्रश्न एकाच स्प्रिंगच्या गळ्यात घालतोय.

आणि उरलेलं अंतर?

पुणे ते जालना म्हणजे अहिल्यानगर, संभाजीनगर करत तीनशेच्या आसपास किलोमीटर. मुंबईहून येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग आहे : नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा होऊन सगळा ७०१ किमीचा रस्ता खुला झाला. कारला ताशी १२० ची मर्यादा. या सगळ्यात चिखलाचा रस्ता किती? शेवटचे दोन-तीन किलोमीटर, तेही वर्षातले दोन-तीन महिने. म्हणजे एक टक्का प्रवासासाठी आपण नव्व्याण्णव टक्के प्रवासाची गाडी बिघडवतोय. आपल्या टीममध्ये कुणी असलं ऑप्टिमायझेशन रिव्ह्यूला आणलं असतं तर काय कॉमेंट टाकली असती?

'बिघडवतोय' हा शब्द उगाच वापरलेला नाही. फक्त मागच्या स्प्रिंगा कडक केल्या की वळणावर गाडीचा कलायचा भार मागच्या चाकांवर जास्त येतो, आणि घसरायची वेळ आली तर मागची बाजू आधी सुटते. पुढची सुटली तर माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि गाडी बहुतेक वेळा सरळ रेषेत थांबते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. उंच, अरुंद गाडी फिरली की पुढचं सांगायला नको. ११० ला जाताना रोही आडवी आली आणि तुम्ही स्टिअरिंग झटकलं, अशा एका सेकंदात या गोष्टीची किंमत कळते. गाडीतलं इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण मदत करतं, पण त्याचं सॉफ्टवेअर कंपनीने कंपनीच्या स्प्रिंगवर तासन् तास चाचण्या घेऊन जुळवलेलं असतं. आपण खालचं हार्डवेअर बदलायचं आणि वरचा कोड तसाच ठेवायचा, हे इतर कुठे केलं असतं का?

शॉकअपचाही विचार करा. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक झाली की जुन्या शॉकअपचा तिच्यावरचा ताबा साधारण दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो. खड्ड्यातून बाहेर पडल्यावर मागची बाजू एकदा जास्त उसळते. म्हणून स्प्रिंग बदलायची तर जोडीचे शॉकअप बदलायला हवेत. ते सांगितलं की निम्मे लोक बजेटचं कारण सांगतात आणि फक्त स्प्रिंगच बदलतात.

शिवाय मागून गाडी उचलली की पुढून वाकते. हेडलाईटचा झोत जवळ पडतो, रात्री पुढचं कमी दिसतं. थारच्या २४५० मिमी लांबीच्या चाकांमधल्या अंतरावर मागे २५ मिमी उचललं तर साधारण अर्ध्या अंशाचा उतार येतो. तेवढाच स्टिअरिंगचा कोन बदलतो आणि हायवेवर स्टिअरिंग थोडं हलकं, थोडं चळवळं होतं. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण व्हील अलाइनमेंटचं मशीन त्याहून बारीक फरकांवर तर पोट भरतं. ज्या गाड्यांत अ‍ॅक्सल सावरायला आडवा दांडा असतो (जिम्नीत असतो) तिथे बॉडी वर गेली की अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. ब्रेकची रबरी नळी आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन हेही तपासायला हवं. एका बदलामागे अशा पाच गोष्टी येतात, आणि बिलात मात्र फक्त स्प्रिंग लिहिलेली असते.

कायदा आणि लोखंड

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "आरसीवर स्प्रिंगचा कडकपणा कुठे छापलाय?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. छापलेला नसतो, खरंय. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून बघतो तेव्हा त्याच्या हातात आरसी नसते, टॉर्च असतो. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो.

आणखी एक खास जालन्याचा युक्तिवाद. "आपल्या गावात एवढ्या स्टीलच्या मिला. स्प्रिंग इथेच वळवून घेऊ." जालना म्हणजे सोन्याचा पाळणा म्हणतात ते खरं, पण त्या मिलांमधून निघते ती मुख्यतः बांधकामाची सळई. सळईचा गुण असा की भूकंपात ती वाकावी, ताणावी, पण तुटू नये. पाचशे ग्रेडची सळई ५०० मेगापास्कलच्या पुढे कायमची वाकायला लागते, आणि इमारतीसाठी तेच योग्य आहे. स्प्रिंगला मात्र लाखो वेळा दबून प्रत्येक वेळी जशीच्या तशी परत यायचं असतं. तिचं पोलाद सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियमचं, कडक करून मग बेताने तापवून उतरवलेलं, दुपटी-तिपटीने जास्त ताकदीचं. त्याला गॅसची ज्योत दाखवून 'जरा ताणून' घेतली की तो सगळा संस्कार पुसला जातो. पोलाद पोलादात फरक असतो राव. जालनेकरांना तरी हे सांगायची वेळ येऊ नये.

मग कुणी टाकावी?

इतका वेळ विरोधात बोललो म्हणून ही बाजू नीट मांडतो, कारण ती खरी आहे. माझ्या एका मावसभावाची घनसावंगीकडे मोसंबीची बाग आहे. त्याच्या जुन्या स्कॉर्पिओत मागची सीट बहुतेक काढलेलीच असते, आणि तिथे फवारणीचा पंप, पाण्याचे ड्रम, खताच्या गोण्या नाहीतर कॅरेटं असतात. दिवस उगवला की वजन आत, मावळला तरी आतच. त्याने मागे कडक स्प्रिंगा टाकल्या, जोडीचे शॉकअप टाकले आणि मला विचाराल तर अगदी योग्य केलं. आधी त्याची गाडी मागून बसून नाक वर करून चालायची, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात झोत जायचा आणि प्रत्येक खड्ड्यात मागचा रबरी ठोकळा ठक्कन वाजायचा. आता गाडी सरळ चालते. त्याच्याकडे लिफ्ट म्हणून काही दिसतच नाही, आणि कडक स्प्रिंग योग्य जागी बसल्याची हीच खूण आहे.

ऑस्ट्रेलियात, जिथे या सामानाचा मोठा धंदा आहे, मागची स्प्रिंग विकताना आधी विचारतात की गाडीत मागे कायम किती किलो असतं. उंची किती हवी हे नंतर. तिकडे गाडीची कमाल वजनमर्यादा वाढवायची तर त्याचं रीतसर प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपणही हे लक्षात ठेवावं की स्प्रिंग कडक केली म्हणून गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तोच, टायर तेच.

तेव्हा मिस्तरीकडे जायच्या आधी मंडळी, एवढं करा. गाडी रिकामी, सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारी चाकांना टेपने मोजा. गाडी आठ-दहा वर्षं जुनी असेल तर बऱ्याचदा स्प्रिंगा बसलेल्या निघतात. मग कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा टाका. हरवलेली उंची परत मिळेल, कायद्याचा प्रश्न नाही आणि आईची कमरही वाचेल. नंतर महिनाभर लिहून काढा की मागे किती वजन होतं आणि किती दिवस. वीसपेक्षा जास्त दिवस दीडशे-दोनशे किलो असेल तर कडक स्प्रिंग घ्या, शॉकअपसकट घ्या, विमा कंपनीला कळवून घ्या. नसेल तर तेच पैसे चांगल्या टायरांवर, हवा भरायच्या छोट्या पंपावर आणि मजबूत दोरावर घाला. चिखलात शिरण्याआधी टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली तर टायर पसरतं आणि पकड वाढते (बाहेर आल्यावर परत भरायची, विसरायचं नाही). त्याने जे काम होतं ते दोन इंची लिफ्टने होत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय आपल्याकडच्या शेतकऱ्यांकडे आधीपासून आहे. वापसा. पाऊस उघडल्यावर जमीन पाय न रुतण्याइतकी सुकली की वापसा आला म्हणतात. तो आल्याशिवाय जुनी माणसं शेतात बैल घालत नाहीत. नुसतं आपण अडकू म्हणून नाही. ओल्या मातीवर चाकं फिरवली की माती दाबली जाते, चाकोऱ्या खोल होतात आणि मग पुढचे आठ दिवस त्या पाणंदीवरून कुणाचीच बैलगाडी, कुणाचंच दूध, कुणाचीच शाळेची पोरं नीट जात नाहीत. रस्ता सामाईक असतो. आपण रविवारी संध्याकाळी पुण्याला परततो, चाकोऱ्या तिथेच राहतात.

म्हणून पहिल्या दमदार पावसानंतर गावी गेलात तर गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावा आणि शेवटचा किलोमीटर चालत जा. बागेपर्यंत पोचाल, वर चार माणसं भेटतील. लॅपटॉपसमोर बसून बसून आखडलेल्या पाठीला ते कुठल्याही स्प्रिंगपेक्षा बरं.